ओला पडदा

यंत्र चालू केलंत? बरं.
आधी नाव: रघुनाथ केशव वडके, तांबट.
वय पंच्याहत्तर लावा,
प्लेगच्या साली मी रांगत होतो, असं आई म्हणायची.

टॉलिव्हर साहेबाचा तंबू लष्करात,
पागेमागच्या मैदानात.
दिव्याचं तांब्याचं घर चेपलं, म्हणून वडिलांना बोलावणं आलं.
त्यांनी ते ठोकून सरळ केलं, चिंच लावून उजळलं,
आणि मला तिथंच ठेवून घरी गेले.
महिना चार रुपये.

पहिलं काम पाणी मारायचं.
पडदा मांजरपाटाचा. पुढं खुर्च्या, गोरे.
मागं जमीन, आम्ही, एक आणा.
कापड ओलं नसलं तर उजेड आमच्यापर्यंत यायचाच नाही,
म्हणून दर रिळाआधी मी शिडीवर, हातात पिचकारी.
आमच्या बाजूला सगळं उलटं.
सेनापती डाव्या हातानं सलाम ठोकी,
अक्षरं पाठमोरी उभी.
इंग्रजी मी तिथं शिकलो, मागून.
अजून सही करताना माझा आर भलतीकडं तोंड करतो.

पुढं हँडल मिळालं. सेकंदाला दोन फेरे.
साहेब घड्याळ घेऊन शिकवायला बसला.
घड्याळ कशाला? मी तांबट आळीतला,
हातोड्यांचा ठेका झोपेतसुद्धा कानात.
त्यावरच फिरवलं,
तर पियानोवरची सायबीण वळून बघायला लागली.

आता ती गोष्ट.
विलायतेहून एक रीळ आलं. गिरणी सुटते, बाया बाहेर येतात. बस.
ना राजा, ना मारामारी.
डोक्यावर शाली, आपल्या पदरासारख्या,
पायात लाकडी तळाच्या वहाणा.
मागची माणसं कंटाळली, विड्या पेटल्या.
पुढं एक शिपाई ताडकन उठला. खुर्ची पडली.
काय ओरडला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूत आला. बर्ट नाव.
खुणा करून, बोटं मोजून सांगितलं:
तिसरी, हसताना तोंडावर हात नेणारी,
ती माझी बहीण.
जूनमध्ये गेली. पत्र आलं होतं.
माझ्या मुठीत आठ आणे कोंबले.
हळू फिरव. एवढंच.

रात्री मी हळू फिरवलं.
पियानो पुढं पळाला, मग अडखळला.
ती आली. हात तोंडाकडं निघाला.
आणि मी,
अहो, मी थांबलोच.

दिव्यात चुन्याची कांडी पेटलेली, पांढरी, रागीट.
थांबली की फिल्म जळते, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
दोन श्वास ती उभी राहिली.
मग गालावर तपकिरी डाग.
डाग पसरला, कडा उकळल्या,
आणि पडद्यामागं आमच्या लोकांनी
त्या रिळाला पहिल्यांदा टाळ्या दिल्या.
त्यांना वाटलं, हीच करामत.

साहेबानं जळकं कापून जोडलं,
दोन महिन्यांचा पगारही कापला. काढलं मात्र नाही.
त्यानंतर गिरणी सुटायची, बाया यायच्या,
दुसरीनंतर एकदम चौथी.
मधे एक हिसका.
बर्ट रोज यायचा. हिसक्याला टोपी काढायचा.
आठ आणे परत द्यायला गेलो, घेतले नाहीत.
मग पलटण बसऱ्याला गेली.
पुढचं मला माहीत नाही,
माहीत असल्यासारखं सांगणारही नाही.

कापलेल्या तुकड्याच्या टोकाला दोन चित्रं शाबूत होती.
ती मी वडिलांच्या चुन्याच्या डबीत ठेवली.
पुष्कळ वर्षं खिडकीशी धरून बघायचो,
निम्मा चेहरा, वर येणारा हात.
मधे विसरलो. संसार, दुकान, पानशेतचं पाणी.
परवा उघडली, तर आत भुकटी.
मुलगा तंबाखू समजून फेकायला निघाला होता.

ही बघा. उजेडात धरण्यासारखं काही नाही.
वास घ्या, जवळ या.
तुमच्या यंत्रात वास राहत नाही ना?
मग असू दे. झाकण लावतो.